नुसते ओठ

क्षमेच्या रविवारी सकाळी कापितोलिना साव्विच्ना चर्चला जायला मिनीबसमध्ये चढली, आणि दोन थांबे जायच्या आतच तिला उतरून पळून जावंसं वाटलं. कारण सांगितलं असतं तर कुणीही हसलं असतं. ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून एक उलटी सीट असते, तिथे बसणाऱ्याचं तोंड सगळ्या गाडीकडे येतं. त्या सीटवर ग्लाशामावशी बसली होती. डोक्याला लोकरीचा रुमाल, मांडीवर फडक्यात बांधलेला ब्लिनीचा, म्हणजे पातळ धिरड्यांचा, डबा, डोळे मिटलेले. आणि ओठ हलत होते. म्हातारी माणसं पुटपुटतात तसं ते पुटपुटणं नव्हतं. चर्चच्या गाणाऱ्या बायकांपुढे उभी राहून हाताने ताल देणाऱ्या कापितोलिनाचं सगळं आयुष्य गाणाऱ्यांचे ओठ बघण्यात गेलं होतं. ओठ कशासाठी हलतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. मावशी गात होती. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तोंडाशी म्हणायचं पद, त्याची दुसरी ओळ, मग तिसरी. जिथे श्वास घ्यायचा तिथे रुमालाखाली गळ्याची कातडी आत ओढली जात होती, जिथे स्वर लांबवायचा तिथे तोंड उघडं राहत होतं, आणि ओळ संपली की ओठ मिटत होते, अगदी वेळेवर, कापितोलिनानेच शिकवलेल्या जागी. फक्त आवाज नव्हता. गाडीत रेडिओ चालू होता, एक बाई फोनवर बाजारातल्या कुणाशी तरी बटाट्यांवरून भांडत होती, म्हणून ऐकू येत नसेल असं तिला आधी वाटलं. मग सिग्नलला गाडी थांबली, ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, बाईचंही भांडण मिटलं, आणि तरी काही ऐकू आलं नाही. मावशीला कुणी पाहत नव्हतं, तिच्यासमोर कुणाचा हात नव्हता, आणि ती आवाजाशिवाय गात होती.

पुढे उभा असलेला किरगीझ गृहस्थ वळला. "एजे," ताई म्हणावं तसं तो म्हणाला, "तिकडे जागा होतेय, बसता का?" कापितोलिना नको नको म्हणत त्याच्याच ओव्हरकोटाआड सरकली. पन्नाशी उलटलेली बाई, संगीतशाळेत जिच्या नुसत्या चाहुलीने पोरं सरळ बसायची, ती एका परक्याच्या कोटामागे तोंड लपवून उभी राहिली आणि पुढच्याच थांब्यावर उतरली. रस्त्याकडेच्या पाटात वितळलेल्या बर्फाचं काळं पाणी वाहत होतं. कोळशाच्या धुरात डोंगर दिसेनासे झाले होते. बिश्केकमध्ये थंडीत ते असेच दिसेनासे होतात आणि लोकही ते आहेत असं धरून चालतात. तिला राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, पण स्वतःचा राग यायला वेळ लागतो. आधी समोरच्याचा येतो. तिला वाटलं, म्हातारी मुद्दाम करते आहे. मी चढले ते तिने पाहिलं आणि मग डोळे मिटले. पुढच्या कोपऱ्यावर हा विचार इतका हलकट वाटला की ती थांबलीच, आणि एका बंद दुकानाच्या काचेत आपला रुमाल ठीकठाक करत राहिली. मावशीला आठ फुटांवरचं दिसत नाही हे तिला ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी बिशप यायचे होते, तेव्हाची गोष्ट. गावात कुणी मंत्री यावा तशी चर्चमध्ये रंगरंगोटी चालली होती, आणि कापितोलिनाने कधी नव्हे ते अवघड पद बसवायला घेतलं होतं. कन्झर्वेटरीतली इनेस्सा नुकतीच गायला येऊ लागली होती. ती पोरगी देवाला मानत होती की नाही कोण जाणे, च्युइंगम मात्र तालमीतही सोडत नव्हती. पण तिचा आवाज असा होता की कापितोलिनाला रात्री झोपेतही त्याच्यासाठी स्वरांच्या पायऱ्या बांधाव्याशा वाटत. आणि त्या स्वच्छ आवाजाखाली ग्लाशामावशीचा खालचा सूर लोंबत होता, थरथरत, पाव सूर उतरलेला, इस्त्रीच्या वाफेने वर्षानुवर्षं शिजलेला. तालीम संपल्यावर कापितोलिनाने तिला खिडकीपाशी नेलं होतं. "मावशी, उद्याच्या दिवस तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस. एकच दिवस." मावशी म्हणाली होती, "बरं." दुसऱ्या दिवशी सगळं सुरेख झालं. बिशपांनी जाताना मुद्दाम थांबून गाणाऱ्या बायकांना आशीर्वाद दिला, असं गाणं आपण राजधानीबाहेर क्वचितच ऐकलं असंही म्हणाले. ते बिश्केकमध्ये, म्हणजे राजधानीतच उभे होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि कुणी आणूनही दिलं नाही. ग्लाशामावशीने सगळ्यात आधी कापितोलिनाला मिठी मारली होती. "ऐकलंस का गं? आपल्याला वाखाणलं!" आपल्याला, म्हणाली होती ती.

त्यानंतर तो एक दिवस संपलाच नाही. कुणी त्याला लांबवलंही नाही. पुढच्या रविवारी कापितोलिनाने नादकाटा कानाशी नेला, सूर दिला, हात उचलला, आणि खालच्या सुरात मावशी ऐकू आली नाही. तेव्हा तिला वाटलं, हिला सांगायला हवं, की झालं, आता गा. गाणं संपल्यावर सांगू. गाणं संपल्यावर फादर एवलोगी आले आणि म्हणाले, "कापितोलिना साव्विच्ना, आज तर माझ्याच प्रार्थनेतून माझं लक्ष उडालं हो." मग राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी ईस्टर जवळ आला होता. मग कुणाचं तरी लग्न होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ कापितोलिनाने अशी झाकली की पुढे पुढे तिलाच त्यात काही असल्याचा विसर पडला. मावशी दर रविवारी येते, आपल्या जागेवर उभी राहते, कागद समोर धरते, तोंड उघडते, मिटते, हे ती दिव्याच्या खांबाकडे पाहावं तसं पाहत आली. इनेस्साने एकदा विचारलंही होतं, "ही आजी इथे उभी कशाला असते?" आणि तिने उत्तर दिलं होतं, "त्यांचा मान आहे तो." आपण किती चांगलं उत्तर दिलं असं तेव्हा तिला वाटलं होतं.

ती चर्चमध्ये पोचली तेव्हा उशीर झाला होता. असा उशीर तिला कधी होत नसे. गाणाऱ्यांचा कठडा, म्हणजे कठडा घातलेला चौथरा, उजवीकडे, तीन पायऱ्या वर. मावशी आधीच येऊन उभी होती. "कापा, तब्येत बरी आहे ना?" ती कुजबुजली, "चेहरा कसा पिठासारखा झालाय." कापितोलिनाने मान हलवली, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि सूर दिला. सगळी सकाळ ती मावशीच्या ओठांकडे बघायचं टाळत राहिली आणि सगळी सकाळ तिला दुसरं काही दिसलं नाही. एक स्वरही चुकला नाही. मावशी एकदाही ओळीच्या पुढे गेली नाही की मागे राहिली नाही. असं शिस्तीचं गाणं आपल्या बाकीच्या बायकांकडून आपल्याला कधी मिळालं नाही, असं कापितोलिनाच्या मनात आलं.

कालच तिने पापनिवेदन केलं होतं. "गर्व," ती म्हणाली होती, "आणि माणसांशी कठोर वागणं." गर्व हे पाप कबूल करायला मोठं सोयीचं असतं, ते कबूल करताना माणूस उलट थोडा उंचच दिसतो. फादर एवलोगी तरुण, थकलेले, त्यांनी तिच्या डोक्यावर आपल्या गळ्यातला पट्टा ठेवला आणि म्हणाले, "तो सगळ्यांनाच असतो, कापितोलिना साव्विच्ना. पण तुमच्या गाण्याने किती जण आत येतात ते देव बघतोच आहे. सौंदर्य हीसुद्धा देणगीच." तिला ते ऐकायला बरं वाटलं होतं. आता कठड्यावर उभं राहून तिला वाटलं, म्हाताऱ्या बाईला मी मुकं केलं असं नीट शब्दांत आपण का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते? कदाचित म्हणाले असते, गाऊ द्या तिला. मग गाणं बिघडलं असतं. म्हणजे न सांगण्यामागे हेच होतं, एवढंच. देवासमोर उभं राहूनही तिने आधी सूर सांभाळला होता.

आणि देव तरी तिला कुठे भेटला होता? कानातून. बाविसाव्या वर्षी, आजीच्या अंत्यविधीला, सोव्हिएत काळात, जेव्हा या शहराचं नावही वेगळं होतं आणि चर्चच्या पायऱ्या चढताना कोटावरचा युवक संघटनेचा बिल्ला काढून खिशात टाकावा लागत असे. ती संगीतशाळेत नवीन लागली होती, देवबिव मानत नव्हती, कोपऱ्यात उभी राहून वेळ कधी संपतो ते बघत होती. चार-पाच म्हाताऱ्या गात होत्या. वाईट गात होत्या. वरचा सूर फाटका, मधला भरकटलेला, आणि त्या सगळ्यांच्या खाली एक जाडाभरडा, बायकी न वाटणारा आवाज, जो थोडा उतरलेलाच होता, पण हटत नव्हता. बाकीच्या त्याला भिंतीला टेकावं तशा टेकून होत्या. ती ऐकत राहिली आणि आजी गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. त्या आवाजाची बाई म्हणजे ग्लाशा, कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर काम करणारी, तोंडाने फटकळ, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. तिने रडणाऱ्या पोरीच्या हातात मूठभर बिया कोंबल्या आणि विचारलं, "गाता येतं का? मग इथे उभी राहून नाक कशाला गाळतेस? वर ये." पुढे सगळा हिवाळा तिच्या स्वयंपाकघरात, बटाटे तळता तळता, टेबलावर चमचा आपटून तिने कापितोलिनाला चर्चच्या गाण्याच्या आठही चाली शिकवल्या. त्या वर्षी ईस्टरच्या रात्री शाळेतून कोण कोण चर्चला जातं हे टिपायला मुख्याध्यापिकेने माणूस धाडला, तेव्हा ग्लाशाने तिला खांदा धरून कठड्यामागे खाली बसवलं, आपला घेरदार झगा पसरून पुढे उभी राहिली, आणि एरवीपेक्षा दुप्पट मोठ्याने गायली. तो माणूस कानांवर हात ठेवून निघून गेला असं ती पुढे रंगवून सांगायची. तो तसा गेला नसणार, पण नोकरी टिकली.

आज त्याच गोष्टीने कापितोलिनाला घेरलं. इतकी वर्षं ती स्वतःला समजावत आली होती की मावशीचा आवाज म्हातारा झाला, बिघडला, आपण तरी काय करणार. आवाज बिघडला नव्हता. तो पहिल्यापासून असाच होता. उतरलेला, जाडाभरडा, वाफेचा. त्याच आवाजाने तिला आत आणलं होतं, आणि आत आल्यावर तिने कान असा घासूनपुसून लख्ख केला की त्या कानात तो आवाज मावेना. बदलला होता तो कान. हे कळल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त डोकं दुखायला लागलं.

मग तिने ठरवलं. ठरवलं आणि तिला एकदम हलकं वाटलं, आणि या हलकं वाटण्यावरच तिने संशय घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. आज क्षमेचा विधी. सगळे एकमेकांपुढे वाकतात, क्षमा मागतात, आणि तोवर गाणाऱ्या बायका हलक्या आवाजात ईस्टरची पदं म्हणत राहतात, उपवास सुरू व्हायच्या आधीच त्याचा शेवट कानांवर पडावा म्हणून. त्या पदांत मावशीला गायला सांगायचं. मोकळ्या आवाजात. मग तिच्यापुढे वाकायचं, जमिनीला कपाळ लावून, आणि नुसतं ‘क्षमा कर’ म्हणायचं नाही, काय केलं ते सांगायचं. मी तुला मुकं केलं, मावशी. हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हणून पाहिलं की त्यातले आघातही ठरून गेले.

सकाळची प्रार्थना आटपल्यावर मागच्या लांबट खोलीत जेवण होतं. उद्यापासून लोणी, दूध, अंडी सगळं बंद, म्हणून आज प्रत्येकीने ब्लिनी आणल्या होत्या आणि सगळ्याजणी जन्मात खाल्लं नसल्यासारख्या साय ओतून खात होत्या. ग्लाशामावशीने डबा उघडून शेजारची खुर्ची पाठीने अडवून ठेवली होती.

"ये गं कापा, बस. कडा करपलेल्या तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. या बाकीच्या बायांना काय कळतंय, त्यांना सगळं गुळगुळीत लागतं."

कापितोलिना बसली. ब्लिनी तोंडात घोळत राहिली. "मावशी," ती म्हणाली, "आज क्षमेच्या वेळी तू आवाज काढून गा."

"कसला आवाज?"

"गाण्याचा. मोकळा. पहिल्यासारखा."

मावशीने चावणं थांबवलं. "का गं? आज बिशप यायचे नाहीत वाटतं?"

कापितोलिनाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर किती बरं झालं असतं. पण तिथे ओठाच्या कोपऱ्यात साय लागली होती, एवढंच. "ते एका दिवसापुरतं म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"हो, म्हणाली होतीस."

"मग नंतर का नाही गायलीस?"

"तू परत म्हणाली नाहीस ना." मावशीने हे अशा सुरात सांगितलं की जणू यात समजण्यासारखं काही अवघड नव्हतंच. "आणि म्हटलं, बरं चाललंय. लोक वाखाणतात, फादर खूश आहेत, तू खूश आहेस. मी कशाला मधेच माशी शिंकायला लावू?"

"तुला राग नाही आला?"

"आला की! मी काय संत आहे? त्या दिवशी घरी जाऊन एक बशी फोडली, चांगली, सासूच्या वेळची. मग तिचंच वाईट वाटायला लागलं. मग क्षमेचा रविवार आला, तू वाकलीस, मी वाकले. मिटलं. दर वर्षी मिटतंच की." तिने बोटाने साय पुसली. "खा ना, गार होतेय."

दर वर्षी. दर वर्षी कापितोलिना रांगेत तिच्यापुढे आली होती, ‘मला क्षमा कर’ म्हणाली होती, पाठ अर्धी वाकवून, डोळे पुढच्या माणसावर ठेवून, आणि म्हातारीने दर वर्षी ती खरीच केली होती. कापितोलिनाने ती क्षमा फुकटच्या पाण्यासारखी पिऊन टाकली होती आणि पेला तसाच ठेवून पुढे गेली होती.

"आज गा," ती म्हणाली. आवाज जरा कडकच निघाला.

"नको गं. भीती वाटते. आता आवाज कुठे ठेवलाय तेच आठवत नाही, चष्म्यासारखं झालंय. घरी एकटी असताना काढून बघावा म्हटलं तरी निघत नाही, तोंड आपलं हलत राहतं नुसतं." ती हसली. "मांजर बिचारं बघत राहतं, म्हणतं, बाईला झालंय तरी काय."

"माझ्यासाठी गा, मावशी."

हे ‘माझ्यासाठी’ तेवढं अगदी खरं होतं. मावशीला ते कळलं नाही. तिने कापितोलिनाचा हात थोपटला, तिच्या बोटांना लोणी लागलं होतं. "बरं बाई. तू म्हणतेस तर. फाटला तर फाटला."

दुपार कलल्यावर विधीला सुरुवात झाली. मधेच दिवे मंद झाले, फादर एवलोगींनी उजळ वस्त्रं उतरवून काळी चढवली आणि गाण्याची चाल उपवासाची झाली. कापितोलिना घाबरली होती, पण ती भीती तिला आवडत होती. तिला वाटलं, आज पहिल्यांदा आपण खरोखर काहीतरी करतो आहोत. शेवटी फादर लोकांपुढे आले, जमिनीवर गुडघे टेकून म्हणाले, "माझ्याकडून जे जे झालं त्याची मला क्षमा करा," आणि सगळं चर्च त्यांच्यासमोर खाली वाकलं. मग रांग लागली. एकेकजण फादरपुढे, मग त्यांच्या शेजारच्यापुढे, मग त्याच्या पुढच्यापुढे, अशी ती माणसांची साखळी भिंतीला धरून वळत चालली. क्षमा कर. देव करेल, मीही करते. क्षमा करा. देव करेल, मीही करतो. काहीजण रडत होते, काहीजण आपल्या शेजारणीला बघून गाल आत ओढून उभे होते. कापितोलिनाने हळू सूर दिला आणि हात उचलला.

पहिल्या पदात मावशी आलीच नाही. दुसऱ्याच्या सुरुवातीला काहीतरी खरखरलं, घशात अडकल्यासारखं, मग थांबलं, मग पुन्हा आलं. आणि मग ती गायला लागली. कापितोलिनाच्या अंगावर काटा आला. आवाज पूर्वीपेक्षा खूपच मोडला होता, पण तो तोच होता, आजीच्या शवपेटीजवळचा, बटाट्यांच्या वासातला, झग्यामागचा. मावशी भीतभीत गात होती आणि स्वतःचाच आवाज ऐकून चकित झाल्यासारखी दिसत होती. इनेस्साने खालचा ओठ चावला. असू दे, कापितोलिना मनात म्हणाली, हेच तर हवं होतं. सूर खाली ओढला जात होता. ओढला जाऊ दे. ती सहन करत होती आणि आपण सहन करतो आहोत हे तिला दिसत होतं, आणि त्याबद्दल तिला स्वतःविषयी थोडं प्रेमही वाटत होतं. दोन पदं अशी गेली. मावशीला धीर आला. तिने छाती भरून श्वास घेतला.

मग ती जागा आली, जिथे वरचा सूर एकटा चढत जातो आणि खालच्याने त्याच्याखाली न हलता उभं राहायचं असतं. इनेस्सा चढली. अशी चढली की वरचं झुंबरसुद्धा ऐकत असेल. आणि खाली मावशी मोकळी झालेली, सुखावलेली, दणदणीत, अर्धा सूर उतरून त्या सगळ्या चढणीला पायाला धरून खाली खेचत होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. दोन बायका वळल्या. फादर एवलोगी कुणाला तरी उठवत होते, त्यांनी कठड्याकडे पाहिलं, क्षणभरच. आणि कापितोलिनाचा डावा हात खालच्या सुराच्या बाजूला गेला, तळवा खाली झाला, अंगठा आणि बोट मिटलं. बस. तो हात आपोआप गेला असं तिला पुढे कधी म्हणता आलं नसतं, कारण हात तिचाच होता आणि तो नेहमीसारखा, नेमका, वेळेवर गेला होता.

मावशी शब्दाच्या मध्यावर थांबली. ओठ थांबले नाहीत. ते उरलेला शब्द पुरा करून पुढच्यावर गेले.

आणि गाणं स्वच्छ झालं. हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. भातातला खडा काढून टाकल्यावर जीभ सुटावी तसं तिचं सगळं अंग सुटलं. इनेस्साचा आवाज वर जाऊन टिकला, बाकीचे त्याच्याखाली जुळले, रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. सुंदर होतं ते. ती खोटं कसं बोलणार होती, सुंदर होतं, आणि तिला आनंद झाला होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभालाही अजून आच लागली नव्हती. तिने मावशीकडे पाहिलं नाही. हात चालू ठेवला. पद संपेपर्यंत तिने एकही जागा वाया जाऊ दिली नाही.

मग गाणाऱ्या बायकांची पाळी आली. त्या खाली उतरत नाहीत. गाणं थांबू नये म्हणून कठड्यावरच एकेकजण दुसरीपुढे वाकते आणि बाकीच्या गात राहतात. कापितोलिनाने इनेस्साला खुणेने हात चालू ठेवायला सांगितलं आणि ती वळली. तिला वाकायचं होतं. वाक्य तयार होतं, मी तुला मुकं केलं मावशी, त्यात आता आत्ताचं आणखी एक घालायला हवं होतं आणि ते कुठे बसवावं हे तिला सुचत नव्हतं. ती शब्द जुळवत होती तेवढ्यात म्हातारी खाली गेलीसुद्धा. एका हाताने कठडा धरून, एक गुडघा, मग दुसरा, हाडांचा आवाज करत, आणि शेवटी कपाळ लाकडी फळ्यांना लावून.

"मला क्षमा कर, कापा," ती खालून म्हणाली. सांगायला हवं की ती हे मोठ्याने, स्पष्ट म्हणाली. "इतकं छान चाललं होतं आणि मी बिघडवलं सगळं. तू भरवसा टाकलास, आणि माझाच मेलीचा आवाज. आता नाही काढायची, बघ."

कापितोलिना तिच्यावर वाकून उभी राहिली. उठ म्हणता आलं असतं. बिघडवलं ते मीच, म्हणता आलं असतं. शेजारी बसून जमिनीला कपाळ लावता आलं असतं, तशी जागाही होती. मागे डीकनची, फादरच्या मदतनिसाची, बायको आपल्या पाळीची वाट बघत उभी होती आणि वरचा सूर किंचित चढायला लागला होता, तो तिला ऐकू येत होता. मावशीने मान वर केली. म्हातारे, पाणावलेले डोळे उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना उत्तर एकच ठाऊक होतं, सगळ्या चर्चला ठाऊक होतं तेच.

"देव करेल क्षमा," कापितोलिना म्हणाली. "मीही करते."

मावशीचा चेहरा सुटला. तिने वर येण्यासाठी हात पुढे केला, आणि कापितोलिनाने तिला उठायला मदत केली.